ऑपरेटर लाइनवर आहे

'बंद करून टाका' हा उपाय मला कधीच मानवला नाही. आमच्या हॉस्पिटलात काहीही अडलं की कुणीतरी हे वाक्य म्हणतंच, आणि माझं डोकं सटकतं. आई म्हणते, हा राग वडिलांकडून आला. वडील म्हणायचे, आईकडून. दोघांचंही खरं असावं, कारण मला तो दोन्ही घरचा मिळालाय.

मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेटवर्कचं काम बघते. माझ्या ताब्यात जे आहे ते रुग्णांना कधी दिसत नाही: तारा, स्विचची कपाटं, आणि या सगळ्याच्या वाटेवर बसून येणारं-जाणारं तपासणारी फायरवॉल. याच हॉस्पिटलात माझी आई टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर केसपेपरच्या खिडकीमागे तिची खोली होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, आणि बोर्डाच्या कडेला तिने चिकटवलेला गणपती. शाळा सुटली की मी नायगावहून चालत तिथे जायची आणि तिची ड्यूटी संपेपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. अभ्यास कमी, आईचे फोन ऐकणंच जास्त.

तिथेच मी एक पद्धत ऐकत मोठी झाले. रुग्णाच्या घरून फोन आला की आई तो सरळ वॉर्डात कधी जोडत नसे. घरच्यांना सांगायची, "मी लाइनवर आहे, घाबरू नका." मग वॉर्डात फोन लावायची आणि विचारायची, "सिस्टर, घरचे लाइनवर आहेत, बोलू शकता का?" सिस्टरचा आवाज घरच्यांच्या कानावर पडला, त्यांचं बोलणं सुरू झालं, की ती लाइन सोडून द्यायची. पहिलं वाक्य ऐकायचं, दुसरं आपलं नसतं, असं तिचं म्हणणं होतं.

ही पद्धत कुठल्या साहेबाने काढली नव्हती. मी लहान असताना नायगावच्याच एका चाळीतला माणूस आमच्या हॉस्पिटलात दाखल होता. घरच्यांनी खालच्या किराणा दुकानातून फोन केला. आईने तो तेव्हाच्या रीतीप्रमाणे थेट वॉर्डात जोडून दिला. सिस्टर जागेवर नव्हती, म्हणून दुसऱ्याच पेशंटच्या नातेवाइकाने फोन उचलला आणि बिचाऱ्याने जे दिसलं ते सांगितलं, की तो बेड तर रिकामा आहे. अर्धी चाळ रडत परळला पोचली. तो माणूस एक्स-रेच्या खोलीबाहेर ट्रॉलीवर बसून चहा पीत होता. हॉस्पिटलभर ही गोष्ट हसण्यावारी गेली, पण आई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने वॉर्डात सरळ फोन जोडणं बंद केलं. मग बाकीच्या ऑपरेटरांनीही तेच धरलं.

आई निवृत्त झाली, बोर्ड गेला, बटणं आली, तीही गेली. आता आमचे फोन कॉम्प्युटरच्याच तारांवरून चालतात. प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा नंबर आहे आणि कुणीही कुणालाही सरळ लावू शकतो. तरी आमच्याकडचं कुणी सरळ लावत नाही. हॉस्पिटलचा गिरगावचा दवाखाना असो की अँटॉप हिलचा, सिस्टर आधी ऑपरेटरलाच फोन लावते आणि म्हणते, "जरा बघा ना, वॉर्डात बोलतील का." आईला ओळखत नसलेल्या मुली आईची पद्धत पाळतात. मला ते माहीत होतं, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

अँटॉप हिलचा दवाखाना आमच्याकडे नवीन आला. सरकारी वसाहतीच्या कडेला, तळमजल्यावरच्या खोल्या. तिथलं नेटवर्क परळला जोडायचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. जोडणी झाली, पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. दवाखान्यातून परळच्या वॉर्डात फोन लागतो, वॉर्डाचा आवाज दवाखान्यात येतो, पण दवाखान्याचा आवाज वॉर्डात जात नाही. वॉर्डातली सिस्टर 'हॅलो, हॅलो, कोण बोलतंय' करते आणि ठेवून देते.

कंपनीचा इंजिनीअर आला. पोरगा हुशार होता, पण घाईचा. त्याने माझ्यासमोर दवाखान्यातून वॉर्डाचा नंबर फिरवला, छान बोलणं झालं. पुन्हा फिरवला, पुन्हा छान. "मॅडम, आपला सिस्टम ओके आहे. तुमच्या लोकांना फोन वापरता येत नाही, बस," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच माझ्या तोंडात आलं आणि मी ते गिळलं. तक्रारी मात्र थांबेनात. मग त्याने दुसरं औषध काढलं. "फोनचं इन्स्पेक्शन, ती तपासणी, बंद करून टाका ना. फायरवॉल मध्ये बोंबलते. काढलं की सगळं चालू."

आमच्या साहेबांनी बैठक बोलावली. साहेब शांत माणूस, शुद्ध बोलतात, आणि शांतपणे भलतंच बोलतात. "दोन पर्याय दिसतात," ते म्हणाले. "एक तर ही तपासणी काढून टाकू, नाहीतर ऑपरेटरमार्फत जोडणं थांबवू आणि सर्वांना थेट नंबर लावायला शिकवू. तशीही ती जुनी सवय आहे. शनिवारी निर्णय घेऊ."

म्हणजे एक माझं जाणार होतं किंवा एक आईचं. ती तपासणी मी हट्टाने बसवून घेतली होती, आणि ती सवय आईने घातली होती. साहेबांना हे माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "शनिवारपर्यंत मला वेळ द्या." आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी घरी मी धुसफुसत भांडी आपटत होते. आईने विचारलं, "काय गो, कोणाचो राग भांड्यांवर?" मी म्हटलं, माझी फायरवॉल फोनवरचं बोलणं ऐकते, ते बंद करायला निघालेत.

"भिंत कशी ऐकता?" आई म्हणाली.

मग तिला सांगितलं, तसंच इथे सांगते. साधी फायरवॉल पाकिटावरचा पत्ता बघते. कुठून आलं, कुठे चाललं, कोणत्या दारावर. प्रत्येक कामाला एक ठरलेल्या नंबराचं दार असतं, आणि बहुतेक कामांना एवढं पुरतं. फोनला नाही पुरत. फोन लावला की दोन्हीकडची यंत्रं आधी आपापसात ठरवतात, की आवाज अमुक दारावर पाठव, मी तिथे ऐकतो. हे दार दर फोनला वेगळं. फायरवॉलने ते ठरवणं ऐकलं तरच तिला कळणार, आत्ता कोणतं दार उघडायचं आणि फोन ठेवल्यावर कोणतं लावून घ्यायचं. ऐकायचंच नाही म्हटलं, तर आवाजासाठी सगळी दारं कायमची सताड उघडी ठेवावी लागतात. आणि अँटॉप हिलला एक्स-रेचं यंत्र इतकं जुनं आहे की त्याच्या कॉम्प्युटरला नवीन काही शिकवता येत नाही. त्याला काही लागण झाली तर त्या उघड्या दारांतून ती थेट परळच्या वॉर्डात, पेशंटच्या उशाशी असलेल्या यंत्रांपर्यंत येईल.

"आणि मग लोकांचा बोलणाव ऐकता ती?"

"नाही. दार ठरेपर्यंतच ऐकते. पुढचा आवाज नुसता जाऊ देते."

आईने ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "शहाणी आसा. तुझी भिंत ऐकता, तू कधी ऐकतलंस? भाकरी थंड झाली."

दुसऱ्या दिवशी मी परळच्या माझ्या खुर्चीत बसले नाही. तिथून दिसतात ते आकडे माझे बघून झाले होते. सकाळीच अँटॉप हिलला गेले आणि दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीबाहेर, फोन दिसेल अशा बाकावर बसले. बघायचं होतं ते एवढंच, की इथली माणसं फोन लावतात कशी.

बाकावर एक आजोबा होते. पायाला मोठी जखम, साखरेचा आजार, रोज ड्रेसिंगला यायचे. त्यांची बायको परळला आमच्याच हॉस्पिटलात दाखल होती आणि पायामुळे त्यांना तिकडे जाता येत नव्हतं. म्हणून ड्रेसिंग झालं की सिस्टर त्यांना वॉर्डात फोन लावून द्यायची. मी कोण हे माहीत नसताना त्यांनी मला सांगितलं, "काल पण लावला होता. तिकडची बाई माझा आवाज ऐकते आणि फोन ठेवते. काहीतरी सांगायचं नसणार त्यांना."

"तसं नाही हो आजोबा," मी म्हटलं.

"तसंच असतं," ते म्हणाले. "चांगली बातमी कोण लपवतं?"

मला त्या बाकावर बसवेना. आईने ज्या भीतीसाठी ती पद्धत घातली, तीच भीती त्याच पद्धतीच्या वाटेने या माणसाच्या घरात शिरली होती. आणि वॉर्डातल्या कुणाचाच यात दोष नव्हता.

ड्रेसिंग झालं. सिस्टरने फोन उचलला आणि ऑपरेटरला लावला. "ऑपरेटर, जरा बघा ना, आजोबा आलेत, वॉर्डात बोलतील का." ऑपरेटरचा आवाज स्वच्छ आला, ऑपरेटरला सिस्टरचा स्वच्छ गेला. रिसीव्हर आजोबांच्या हातात. पलीकडे ऑपरेटरने वॉर्डाला विचारलं, फोन तिकडे जोडला, आणि वॉर्डातून आवाज आला, "हॅलो? हॅलो? कोण आहे?" आजोबा ओरडून आपलं नाव सांगत होते. फोन ठेवला गेला.

मी सिस्टरला विचारलं, तुम्ही वॉर्डाचा नंबर सरळ का नाही लावत? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला देवळात चपला घालून जायला सांगितलंय. "असं कसं मॅडम? वॉर्डात कोण उचलेल काय माहिती. ऑपरेटर बघते ना."

तेवढ्यात माझ्या डोक्यात दिवा लागला. कंपनीच्या पोराने जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा सरळ वॉर्डाचा नंबर फिरवला होता. त्याच्या कल्पनेतही नव्हतं की अख्ख्या हॉस्पिटलात तसं कुणीच करत नाही. आणि गिरगावहून ऑपरेटरमार्फत जोडलेले फोन तर नीट चालत होते. म्हणजे ऐकणारी फायरवॉल तीच, ऑपरेटर तीच, फक्त अँटॉप हिलच्या दारावर काहीतरी वेगळं होतं.

दवाखान्याच्या स्टोअररूममध्ये, कापसाच्या पुड्यांच्या मध्ये, मी लॅपटॉप उघडला. आमच्या फायरवॉलचे नियम दोन तुकड्यांत असतात. पहिल्यात सांगायचं, कोणत्या वाहतुकीबद्दल बोलतोय. दुसऱ्यात सांगायचं, तिचं काय करायचं: ऐकायचं, मर्यादा घालायची की जाऊ द्यायचं. मग तो नियम एकतर सगळ्या घराला, म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलला लावायचा, नाहीतर एकाच दाराला, म्हणजे एका दवाखान्याची तार जिथून आत येते तिथे. आणि यात एक खोच आहे. एका दाराला स्वतःचा नियम असला तर त्या कामापुरता घराचा नियम तिथे चालत नाही. दारापुढे घराचं काही चालत नाही.

आमच्या ऑपरेटरचं टेबल फोनांशी बोलतं ते नेहमीच्या नंबरावर नाही, वेगळ्या नंबरावर; नंबर म्हणजे यंत्राच्या दाराचा, फिरवायचा नव्हे. ते यंत्रच तसं आहे. हे माहीत असल्यामुळे मी घराच्या नियमात दोन्ही नंबर लिहिले होते, नेहमीचा आणि ऑपरेटरचा. म्हणून गिरगावचं सुरळीत होतं. कंपनीच्या पोराने मात्र अँटॉप हिलच्या दाराला स्वतःचा नियम लावला होता आणि त्यात फोन ऐकायचा तो फक्त नेहमीच्या नंबरावर, पुस्तकात असतो तसा. त्यामुळे माझा नियम त्या दारापाशी गप्प झाला. ऑपरेटरचं ठरवणं फायरवॉलच्या कानावर पडतच नव्हतं.

मग ऑपरेटरचा आवाज स्वच्छ कसा येत होता? त्याचंही उत्तर त्याच नियमांत खाली होतं. जोडणीच्या दिवशी तो आवाज आला नसणार, म्हणून पोराने ऑपरेटरच्या फोनांसाठी दारं कायमची उघडून ठेवली होती आणि वर शेरा लिहिला होता, तात्पुरतं. ऑपरेटरपर्यंत आवाज त्या उघड्या दारातून जायचा. तिने फोन वॉर्डात जोडला की वॉर्डासाठी नवं दार ठरायचं, ते कुणी ऐकलेलं नसायचं, आणि आजोबांचा आवाज फायरवॉलवर आपटून तिथेच राहायचा. आतून बाहेर येणाऱ्याला अडवत नाहीत, म्हणून वॉर्डाचं 'हॅलो' तेवढं यायचं.

सगळं समजल्यावर मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्या कापसाच्या वासात बसून एकटीच हसत होते. रोग हाल्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. एका दारावर दोन ओळी चुकल्या होत्या आणि त्यासाठी अख्खं ऐकणंच बंद करायला निघाले होते, नाहीतर आईची पद्धत.

बदल मी लगेच केला नाही. हॉस्पिटलच्या नेटवर्कला हात परवानगीशिवाय लावत नाहीत, मग तुम्ही कितीही बरोबर असा. साहेबांना फोन केला, कंपनीच्या पोराला लाइनवर घेतलं आणि सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, "हां मॅडम, बरोबर. मी ऑपरेटरकडून ट्रान्सफर टेस्टच केलं नव्हतं." त्याचं हे मला आवडलं. साहेबांनी विचारलं, "मग ती सवय बंद करण्याची गरज नाही तर?"

"नाही," मी म्हटलं. "आणि ती सवय नाही, सर. ती हॉस्पिटलची पॉलिसी आहे. माझ्या आईने घातलेली. आपल्या फायरवॉलला कळायच्या आधी तिला कळलं होतं, किती ऐकायचं आणि कुठे लाइन सोडायची."

साहेब म्हणाले, "तुमच्या आई इथे होत्या, हे आपण कधी बोलला नाहीत." आणि त्यांनी बदलाला होकार दिला. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की पुढचं वाक्य मी इंग्रजीत बोलून वेळ मारून नेली.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन कमी असताना, मी दारावरच्या नियमात ऑपरेटरचा नंबर घातला आणि त्यावरही ऐकायला सांगितलं. मग कायमची उघडी ठेवलेली दारं लावून घेतली. 'तात्पुरतं' हा शब्द पुसताना फार बरं वाटलं. मी स्वतःच फोन लावून तपासायचं म्हटलं असतं तर पाचेक मिनिटांत झालं असतं. पण मी बाहेर आले. आजोबा अजून बाकावरच होते, मुलगा न्यायला येईपर्यंत बसून.

"आजोबा, परत लावूया?" मी विचारलं.

"कशाला? परत ठेवतील."

"एकदा माझ्यासाठी."

सिस्टरने ऑपरेटरला लावला. मी आजोबांच्या हातातला रिसीव्हर जरासा माझ्या कानाकडे कलता धरला. ऑपरेटर म्हणाली, "मी लाइनवर आहे हां आजोबा, घाबरू नका." मग वॉर्डाला विचारलं, "सिस्टर, घरचे लाइनवर आहेत, बोलू शकता का?" मुलीचा आवाज कोवळा होता, नवी असावी. शब्द मात्र एकही बदललेला नव्हता. वॉर्डातून आवाज आला, "हॅलो, कोण?"

आजोबांनी आपलं नाव सांगितलं, ओरडून, मघासारखंच.

"अहो हळू बोला, ऐकू येतंय," वॉर्डातली सिस्टर म्हणाली.

मी रिसीव्हर सोडून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आत आजोबा हळू आवाजात बोलत होते. बऱ्याच वेळाने काठी टेकत बाहेर आले. डोळे ओले होते. बातमी कुठली, ते मी विचारलं नाही.

"ती मध्ये थांबलेली बाई कोण हो?" त्यांनी विचारलं. "घाबरू नका म्हणाली ती."

"माझी आई," मी म्हटलं.

ते मान हलवून बाकावर बसले. मी खोटं बोलले असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही.

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. नियम, दार, पोरगा, साहेब, सगळं. साहेबांसमोर तिचं नाव काढलं हेही सांगितलं, तेव्हा तिने पदर सारखा केला आणि उगाच खिडकीबाहेर बघितलं. मग वळून एवढंच विचारलं, "आणि तेची बायको कशी आसा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पुढचं मी ऐकलं नाही."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. आपल्या ताटातला तळलेल्या सुरमईचा तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "बरा केलंस."